धूळ छातीत नेमकी कुठे बसते? मुंबई उपनगरात राबणाऱ्यांसाठी आणि गावाकडच्या घरांसाठी माहिती

बोरिवली / घाटकोपर (मुंबई उपनगर) : ३० डिसेंबर २०२४ रोजी मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या दोन भागांतली सगळी बांधकामं थांबवण्याचा आदेश दिला. आयुक्त भूषण गगराणी यांनी कारण सांगितलं, की तिथल्या हवेचा निर्देशांक २०० च्या वर गेला आहे. सरकारी काम असो की खासगी, नियम पाळणारा बिल्डर असो की न पाळणारा, आदेश सगळ्यांना एकच होता.

ज्याचं घर रोजावर चालतं त्याला असा आदेश अवघड वाटतो. धूळ तर रोजचीच आहे, मग काम बंद ठेवण्याइतकं त्यात काय? याचं उत्तर धुळीच्या कणाच्या आकारात आहे. नाकातून आत गेलेला कण कुठे थांबणार, किती दिवस आत राहणार आणि काय नुकसान करणार, हे बरंचसं तो किती मोठा आहे यावर ठरतं.

आपल्या तालुक्यांतल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत कामाला आहे. कुणी गवंडी, कुणी बिगारी, कुणी रिक्षावाला, कुणी कारखान्यात, कुणी टाइल्स बसवणारा. वय झालं किंवा आजारपण आलं की यातला बराच जण गावाला परत येतो. छातीत खोल बसलेली धूळ तेव्हा त्याच्यासोबत येते आणि तपासायची वेळ गावच्या डॉक्टरांवर येते. म्हणून ही माहिती दोन्हीकडच्यांना असायला हवी.

कण केवढा असतो?

धुळीचा कण मायक्रॉनमध्ये मोजतात. मोजपट्टीवरच्या एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो.

बातम्यांत ‘पीएम १०’ आणि ‘पीएम २.५’ असे शब्द येतात. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून लहान कण. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या वीस ते तीस पट बारीक असतो. तो सुटा डोळ्यांना दिसत नाही. असे पुष्कळ कण एकत्र आले की लांबवर धुरकट पडदा दिसतो, तेवढंच.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. १० मायक्रॉनच्या एका कणाचं जेवढं वजन, तेवढ्याच वजनात अडीच मायक्रॉनचे ६४ कण बसतात. त्यामुळे बारीक धूळ वजनाला हलकी दिसली तरी कणांची संख्या फार मोठी असते.

रस्त्यावरची माती, सिमेंट, खडीची भुकटी, पाडकामाची धूळ यात मोठे कण जास्त असतात. डिझेलचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, लाकूड-कोळशाचा धूर यात अडीच मायक्रॉनच्या आतले कण जास्त. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्टीवर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला, तो या धुरामुळेच.

श्वासाची वाट

हवा नाकातून आत येते, घशात खाली वळते, स्वरयंत्रातून मुख्य श्वासनलिकेत उतरते. छातीत या नळीचे दोन फाटे होतात, एक उजव्या फुफ्फुसाला आणि एक डाव्या. उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ असतो. लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा गेला तर तो बहुधा उजव्या बाजूलाच सापडतो, त्याचं कारण हे.

पुढे प्रत्येक फाट्याचे दोन, त्यांचे चार, असे साधारण २३ वेळा फाटे फुटत जातात. शेवटी अगदी लहान फुग्यांचे घोस असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. एका माणसाच्या छातीत असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि हवेतला प्राणवायू रक्तात मिसळतो तो इथेच. सगळे वायुकोश उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा भरेल. बोरिवली-मुलुंडला दोन बेडरूमचा फ्लॅट साधारण एवढा असतो.

शेतकऱ्याला ही रचना कळायला सोपी आहे. कालव्यातून चारी, चारीतून पोटचारी, पोटचारीतून दंड, दंडातून वाफा. कालव्यात पाणी जोरात असतं आणि वाफ्यात येईपर्यंत ते पसरून संथ होतं. फुफ्फुसातही तसंच आहे. एकेक नळी लहान होत जाते, पण नळ्यांची संख्या इतकी वाढते की सगळ्यांची मिळून जागा मोठी होते आणि हवेचा वेग मंदावतो. वायुकोशांपाशी हवा जवळजवळ थांबलेली असते. पाणी संथ झालं की गाळ बसतो, हे आपण रोज बघतो.

कण तीन प्रकारे बसतात

पहिला प्रकार आदळून बसण्याचा. घाटात एसटी वळण घेते तेव्हा वर ठेवलेलं जड बोचकं वळत नाही, सरळ जाऊन कडेला आदळतं. नाकात आणि घशात हवा जोरात असते आणि तिला वळणं घ्यावी लागतात. मोठा, जड कण वळू शकत नाही. तो नाकाच्या ओल्या भिंतीवर, घशाच्या मागच्या बाजूला किंवा श्वासनलिकेच्या फाट्यावर आदळतो आणि चिकटतो. पाच-दहा मायक्रॉनच्या वरचे कण बहुतेक असेच अडकतात.

दुसरा प्रकार गाळासारखा खाली बसण्याचा. एक ते पाच मायक्रॉनचा कण वळणं पार करतो. पुढे बारीक नळ्यांत हवा मंदावली की तो आपल्या वजनाने खाली बसतो. श्वास रोखून धरला किंवा संथ आणि खोल घेतला तर असं बसणं वाढतं. दम्याच्या पंपातून औषध ओढल्यावर डॉक्टर दहा सेकंद श्वास धरायला सांगतात, ते यासाठी. पंपातल्या औषधाचे कणही मुद्दाम एक ते पाच मायक्रॉनच्या आसपास बनवलेले असतात, कारण छातीत खोल जायला हेच माप लागतं. क्षयरोगी खोकतो तेव्हा हवेत तरंगत राहणारे जंतूंचे बारीक थेंबही याच मापाचे असतात.

तिसरा प्रकार भरकटून चिकटण्याचा. ०.१ मायक्रॉनच्या आतला कण इतका हलका असतो की हवेच्या रेणूंचे धक्के त्याला इकडून तिकडे ढकलतात. जत्रेच्या गर्दीत लहान पोर धक्के खात कुठल्या कुठे जातं, तसं. वायुकोशात भिंत अगदी जवळ असते, त्यामुळे भरकटता भरकटता तो तिला चिकटतो. गाड्यांच्या आणि चुलीच्या ताज्या धुरात असे कण भरपूर असतात.

मधल्या मापाचे कण, म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉनचे, या तिन्ही प्रकारांतून निसटतात. आदळायला ते हलके, भरकटायला जड. त्यातले बहुतेक आत जाऊन श्वासासोबत परत बाहेर येतात. याच कारणाने हे कण गाळणीत पकडायलाही सर्वात अवघड. एन ९५ मास्कची परीक्षा याच मापाच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के कण अडले तरच तो पास होतो.

कोणता कण कुठे थांबतो?

▪ १०० मायक्रॉनच्या आसपासचे आणि मोठे (बारीक वाळू, भुसकट) : बहुतेक लगेच खाली पडतात. श्वासात आले तरी नाकाच्या तोंडाशीच अडतात.

▪ १० ते १०० मायक्रॉन : नाकातले केस, नाकाचा आतला भाग आणि घसा.

▪ ५ ते १० मायक्रॉन : नाकाने श्वास घेतला तर बराचसा भाग नाकात राहतो. तोंडाने घेतला तर छातीतल्या मोठ्या नळ्यांच्या फाट्यांपर्यंत पोचतो.

▪ १ ते ५ मायक्रॉन : बारीक नळ्या आणि वायुकोश.

▪ ०.१ ते १ मायक्रॉन : बराच भाग परत बाहेर येतो. जो राहतो तो खोलवर राहतो.

▪ ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान : मोठ्या प्रमाणात वायुकोशांत. यातले काही कण पुढे रक्तातही उतरू शकतात.

शरीर धूळ बाहेर कशी काढतं?

नाकात अडकलेली धूळ शिंकेतून, शेंबडातून निघते. दिवसभर अंधेरीच्या रस्त्यावर काम केल्यावर रुमालाला काळं लागतं, ते पाहून माणूस घाबरतो. पण रुमालावर आलेली धूळ नाकाने अडवलेली असते. काळजी करायची ती रुमालावर न आलेल्या धुळीची.

श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला चिकट ओलावा असतो आणि त्याखाली अगदी बारीक केसाळ लव असते. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि चिकटलेल्या धुळीसकट तो ओलावा वर घशाकडे ढकलत राहते. मुख्य नळीत त्याचा वेग मिनिटाला काही मिलिमीटर असतो. घशात आल्यावर आपण तो बेडका थुंकतो किंवा नकळत गिळतो. या नळ्यांत बसलेली धूळ निरोगी माणसात बरीचशी एक-दोन दिवसांत निघते.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची ही लव मंद पडते, पुढे झडते. धूळ वर ढकलणारं कुणी उरत नाही, मग खोकूनच काढावी लागते. सकाळी उठल्या उठल्या येणारा बिडीवाल्याचा खोकला तो हाच. धुळीच्या कामात बिडी ओढणाऱ्याचं दुहेरी नुकसान होतं ते असं.

वायुकोशात ही लव नसते. तिथे साफसफाई करतात त्या खास पेशी. त्या कणाला गिळतात आणि हळूहळू बाहेर नेतात किंवा जागीच विरघळवायचा प्रयत्न करतात. याला आठवडे, महिने, कधी वर्षं लागतात. दगडातली सिलिका किंवा ॲस्बेस्टॉसचा धागा त्यांना पचत नाही. गिळणारी पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी येते, तीही मरते. या सततच्या झटापटीत फुफ्फुसाच्या नाजूक भागावर व्रण होतात, तो भाग ताठर होतो आणि माणसाला दम लागायला लागतो. हा व्रण नंतर भरून येत नाही. धुळीचं काम सुटलं तरी आजार पुढे वाढू शकतो.

घाटकोपरच्या कारखान्यात काय आढळलं?

ॲस्बेस्टॉसचं उदाहरण उपनगरातच आहे. घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान फेरोडो या कारखान्यात ॲस्बेस्टॉस वापरून माल बनत असे. तिथल्या कायम कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ’ या शोधपत्रिकेत छापून आले. १८१ कामगार तपासले, त्यात दर पाचांमागे साधारण एकाला ॲस्बेस्टोसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार आढळला.

ॲस्बेस्टॉसचा धागा लांबीला कितीतरी मायक्रॉन असू शकतो. मग तो नाकात का अडत नाही? कारण तो फार बारीक असतो आणि हवेच्या प्रवाहात लांबीच्या दिशेने सरळ होऊन वाहतो. वळणं पार करताना त्याची लांबी आड येत नाही. पुढे बारीक नळ्यांच्या फाट्यावर तो काडीसारखा आडवा अडकतो. चारीच्या फाट्यावर काडी अडकून कचरा साठतो, तसंच. शिवाय हा आजार लगेच दिसत नाही. धूळ छातीत गेल्यापासून दहा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा त्रास सुरू होतो. तोपर्यंत माणूस निवृत्त होऊन गावी आलेला असतो.

याच शोधनिबंधात एक गोष्ट नोंदली आहे, ती गावाकडच्यांच्या कामाची आहे. अशा कामगारांच्या आजाराला अनेकदा क्षयरोग किंवा जुना खोकला समजून उपचार होतात. एक्स-रेमध्ये डाग दिसतो, माणूस बारीक झालेला असतो, खोकला असतो. डॉक्टरांना जुन्या नोकरीची माहिती कुणी दिली नाही तर टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि आराम पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं आहे, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यातला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवायची. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला भरपाई द्यायचंही त्याच निकालात आहे. ॲस्बेस्टोसिस आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हे दोन्ही कायद्यात कामामुळे होणारे आजार म्हणून नोंदलेले आहेत.

सिलिकोसिसचा धोका आज जास्त लोकांना आहे. खडी फोडणं, बोगद्याचं खोदकाम, ब्रेकरने काँक्रीट फोडणं, ग्रॅनाइट आणि टाइल्स कोरड्या कापणं, भिंत घासणं, या सगळ्या कामांत सिलिकाची बारीक भुकटी उडते. सिलिका छातीत असलेल्या माणसाला खरा क्षयरोगही लवकर पकडतो. म्हणजे दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात आणि दोन्हींची तपासणी लागते.

एका श्वासात किती?

आराम करणारा माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. दिवसाची बेरीज दहा-अकरा हजार लिटर होते. डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढणारा बिगारी मिनिटाला चाळीस लिटर किंवा जास्त हवा ओढतो. त्यातच दम लागला की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि नाकाची गाळणी टळते. त्यामुळे एकाच साइटवर खुर्चीत बसलेल्या सुपरवायझरच्या छातीत आणि घमेलं वाहणाऱ्याच्या छातीत जाणारी धूळ सारखी नसते.

लहान मुलांचा श्वास वजनाच्या मानाने जास्त असतो आणि नळ्या अरुंद असतात. आई-वडील साइटवर कामाला आणि पोर शेजारी मातीत खेळतंय, हे चित्र उपनगरात नवीन नाही. त्या पोराला धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त आहे. म्हातारी माणसं, दमेकरी, हृदयरोगी आणि गरोदर बायका यांनाही जपायला लागतं, कारण बारीक कणांमुळे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगाला कारण ठरतं असं जाहीर केलं.

भारताच्या नियमाप्रमाणे २४ तासांच्या सरासरीत पीएम १० ची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ची ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा अनुक्रमे ४५ आणि १५ आहे.

एक्यूआय कसा वाचायचा?

हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, देशात २०१५ पासून सुरू आहे. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिशय वाईट आणि त्यावर गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर तो मोबाइलवर दिसतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेची केंद्रं अंधेरी, बोरिवली, मालाड, भांडुप, चेंबूर अशा ठिकाणी आहेत.

नुसता आकडा बघून थांबू नका. त्याच्यासोबत मुख्य प्रदूषक कोणता तेही लिहिलेलं असतं. पीएम १० मुळे २०० आकडा यायला हवेत २५० मायक्रोग्रॅम धूळ लागते. पीएम २.५ मुळे तोच आकडा ९० मायक्रोग्रॅमलाच येतो. पीएम १० असेल तर बांधकाम आणि रस्त्याच्या धुळीचा भाग मोठा असण्याची शक्यता. पीएम २.५ असेल तर धुराचा, आणि तो खोल जाणारा.

मुंबईत हा आकडा हिवाळ्यात चढतो. पावसाळ्यात पाऊस धूळ धुऊन नेतो आणि समुद्रावरून जोराचा वारा असतो. हिवाळ्यात वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड राहते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूळ-धूर खालीच कोंडतो. म्हणून सकाळी लवकर धुरकं जास्त दिसतं. जानेवारी २०१६ च्या शेवटी देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तीही याच दिवसांत. गोवंडी, चेंबूर भागात कित्येक दिवस धूर होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारला कचरा १९२७ पासून पडतो आहे. मुलुंडच्या कचराभूमीवर कचरा टाकणं ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं.

गावची हवा चांगली, हे कितपत खरं?

केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत मोठी पाहणी केली. लालबाग, चेंबूर, खार हे शहरातले तीन भाग आणि तुलनेला मुंबईबाहेरचा ग्रामीण भाग. दम लागण्याचं प्रमाण लालबागला सर्वात जास्त होतं. सर्वात कमी मात्र गावात नव्हतं, ते उपनगरातल्या खारमध्ये होतं. गावचा आकडा खारपेक्षा वर होता.

गावात रस्त्यावर धूर कमी असतो, पण घरात असतो. गोवऱ्या, पऱ्हाट्या, ओली लाकडं यांच्या चुलीचा धूर म्हणजे बहुतेक पीएम २.५. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचं पोर हा धूर सर्वात जवळून घेतात. घरात गॅस असूनही सिलिंडर पुरवायचा म्हणून भाकरी आणि पाणी चुलीवर, असं अनेक घरांत चालतं. मळणी यंत्रावरचं तूस, पाचट जाळल्याचा धूर, कुजलेल्या चाऱ्याची बुरशी, पोल्ट्रीतली धूळ, यांनाही वरचेच नियम लागू आहेत. बुरशीचे बारीक कण एक ते पाच मायक्रॉनच्या घरातले असतात आणि सरळ खोल जातात.

काय केल्याने फरक पडतो?

▪ पाणी मारा, पण काम सुरू असताना. फरशी, दगड, काँक्रीट ओलं ठेवून कापलं तर भुकटी उडतच नाही. हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या नियमांत बांधकामाभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी आणि झाकलेले डंपर यांची सक्ती आहे. कामगाराने हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

▪ कोरडा झाडू टाळा. बंद खोलीत छातीच्या उंचीवर उडालेला १० मायक्रॉनचा कण आठ-दहा मिनिटांत खाली बसतो. एक मायक्रॉनच्या कणाला अर्धा दिवस लागतो. झाडल्यावर खोली स्वच्छ दिसते तेव्हाही बारीक धूळ नाकासमोर तरंगत असते. आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा.

▪ रुमाल आणि गमछा मोठी धूळ अडवतात. बारीक धूळ कापडाच्या विणीतून आणि कडेच्या फटीतून आत जाते. धुळीच्या कामाला एन ९५ मास्क लागतो आणि तो नाकाला, गालाला घट्ट बसलेला हवा. दाढी असेल तर फट राहते. मास्क ओला, मळका झाला किंवा श्वास ओढायला जड जाऊ लागला की बदला.

▪ गूळ खाल्ल्याने धूळ निघते, असं साइटवर सर्रास सांगतात. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसात जात नाही. खायला हरकत नाही, पण तो खाल्ला म्हणून मास्क टाळू नका.

▪ शक्य असेल तेव्हा नाकाने श्वास घ्या. काम थांबल्यावर धुळीच्या जागेपासून लांब बसून जेवा, विसावा घ्या.

▪ धुळीचे कपडे घरी नेऊन झटकू नका. साइटवरच बदला, घरी वेगळे भिजवा. झटकलेली धूळ घरातल्या पोरांच्या नाकात जाते.

▪ चुलीला धुराडं करा, ओलं सरपण टाळा, मूल पाठीशी किंवा मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका.

डॉक्टरांना काय सांगायचं?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यासोबत पुढच्या गोष्टी न विचारता सांगा : मुंबईत कुठे, किती वर्षं, नेमकं काय काम केलं, दगड, सिमेंट, ॲस्बेस्टॉस, कापूस, केमिकल यातली कोणती धूळ होती, बिडी किती, जिना चढताना किंवा शेतात चालताना दम कधीपासून लागतो. छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करता येईल का, ते विचारा. टीबीच्या गोळ्या सुरू असतील तर मनाने बंद करू नका, पण पूर्ण कोर्स होऊनही दम कमी झाला नाही तर धुळीच्या आजाराची तपासणी मागा.

जे आज कामावर आहेत त्यांनी पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, बांधकाम कामगार नोंदणीची पावती आणि मालकाचं किंवा साइटचं नाव जपून ठेवावं. मोबाइलमध्ये फोटो काढून एक प्रत गावी घरच्यांना पाठवून ठेवावी. आजार वीस वर्षांनी उभा राहिला तर तो कामामुळे झाला हे दाखवायला तेव्हा हेच कागद लागतात.